मोलगीची दाढ

टाचेला भेग पडली की ती आधी पांढरी दिसते. मग करडी. माती भरली की काळी, आणि मग ती धुऊन जात नाही.

*

'सातपुडा पर्वत अगदी अलीकडे, कदाचित माणसाच्या डोळ्यांदेखत, उंच झाला असावा.'

*

मोरीच्या भिंतीत एक खिळा आहे. त्याला काही टांगलेलं नाही.

*

दाखल्याचं कार्ड असं लिहावं : वरच्या ओळीत ज्यानं उल्लेख केला त्याचं नाव. खालच्या ओळीत ज्याचा उल्लेख झाला त्याचं. का केला, हे लिहायला कार्डावर जागा नसते.

*

पोरं जगत नसतील तर नव्या पोराला उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, टाकून द्यायचं, आणि दुसऱ्या कुणाचं तरी उचलून आणल्यासारखं घरी आणायचं. नाव उखा ठेवायचं. उकिरड्यावरचं पोर कुणाला हवं असणार? मृत्यूलाही नको असतं.

*

मिरच्या वाळायला लागल्या की नंदुरबारात परका माणूस लगेच ओळखू येतो. तो शिंकतो.

*

शुक्रवारी दुपारच्या टपालानं कलकत्त्याहून जाड पाकीट आलं तेव्हा यू. एम. पाटील, म्हणजे घरचा उखा, कॉलेजच्या मागच्या खोलीत एकटाच होता. खोलीची खिडकी मिरचीच्या पथारीकडे उघडते. समोर मैदानभर लाल मिरची पसरलेली, तिच्यातून बाया वाकून, मागे मागे सरकत, देठं खुडत चाललेल्या. त्यानं पाकीट फोडलं. डॉ. लाहिरींचा टंकलिखित निबंध होता, अजून छापायचा असलेला, आणि त्याबरोबर चकचकीत कागदावरचे फोटो. मोलगीची दाढ. पश्चिम खानदेश जीवाश्म-पत्रिकेच्या पहिल्याच अंकात तिचे संपादक गिरासे सर यांनी जिच्यावर टिपण लिहिलं होतं ती, हत्तीच्या दाढेचा मुठीएवढा तुकडा, दगड झालेली. पत्रिकेतला तिचा फोटो वरून घेतलेला होता आणि शहाद्याच्या छापखान्यानं त्याचा शाईचा डाग करून टाकला होता. मूळ वस्तू अंक निघायच्या आधीच कलकत्त्याच्या संग्रहाकडे रवाना झालेली. उखा कॉलेजात आला तेव्हा इथे तिची फक्त गोष्ट उरली होती. हे फोटो बाजूनं काढले होते. दाढेच्या उभ्या पट्ट्या एकीला एक चिकटून उभ्या, खडबडीत, कणसाच्या दाण्यांसारख्या. आणि कडेला, आडवी, एक खाच. दोरी बसेल एवढी.

टेबलाखाली, बुटात, मोज्यात, त्याच्या उजव्या टाचेला काहीतरी झालं. दुखलं नाही. खरवडल्यासारखं वाटलं, वरून खाली, एकदाच, आणि त्याबरोबर ऊन पाण्याचा वास आला, चुलीवरच्या धुरकट पाण्याचा, आणि कुणीतरी त्याचा घोटा घट्ट धरून ठेवला आहे असं. पाय मागे ओढायची सोय नाही. तो मोजे घालतो, उन्हाळ्यातही; सहकारी चेष्टा करतात. फोटो त्यानं उलटा करून ठेवला. पुन्हा सुलटा केला. खाच तिथेच होती. घरचा हा दगड मोरीतल्या खिळ्याला टांगता यावा म्हणून त्याच्या बापानं, मगन पाटलानं, विळ्याच्या पात्याला धार लावायच्या कानशीनं ती कोरली होती, ओट्यावर बसून, दगड मांडीत धरून. निबंधात डॉ. लाहिरींनी तिच्याविषयी एक अख्खं पान लिहिलं होतं. खाच नैसर्गिक नाही. प्राण्याच्या दातांची नाही. ती आदिमानवानं कोरली असल्यास, सातपुड्यातल्या मानवाचा हा सर्वांत जुना पुरावा ठरेल.

(पाहा : पाटील, मगन. ओटा, कळसाडी. कानस.)

गेलं वर्षभर तो हेच काम करत होता. रविवारी पत्रिकेच्या दहाव्या वर्षाची सभा होती, डॉ. लाहिरीही तिला येणार होत्या, आणि तिच्यात त्याला वाचायचं होतं : आपल्या पत्रिकेत काय काय छापलं गेलं, संशोधनाचा कल कुठून कुठे वळला, आणि जगात कुणी कुणी त्याची दखल घेतली. पत्रिका लहान. जिल्ह्याचं नाव बदलून धुळे झालं तरी हिच्या मुखपृष्ठावर पश्चिम खानदेशच राहिलं, कारण ठसा नवा करायला सर तयार नव्हते. सुट्टीत तो पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसायचा आणि निबंध शेवटाकडून वाचायचा. आधी संदर्भांची यादी, तिच्यात आपल्या पत्रिकेचं नाव आहे का. असेल तर मग निबंधाच्या पोटात शिरायचं, ते नाव नेमकं कुठे आलंय ते शोधायला. या सवयीनं त्याचं वाचणं बिघडलं होतं. वर्तमानपत्रही तो खालून वर वाचू लागला होता. पहिल्या वर्षांमध्ये पत्रिकेत सगळे शिंपले होते, काळ्या कातळाच्या थरांमधल्या तळ्यांतले. मग पानांचे ठसे आले. मग तापीच्या गाळातली हाडं. आता सगळ्यांना परागकण हवे होते, कारण पुण्यात नवीन सूक्ष्मदर्शक आला होता. कल असा वळतो. शिंपल्यांकडे कुणी पाहिलं नाही. पानांकडे एकानं पाहिलं, नाव चुकवून. बाकी जी कार्डं त्यानं लिहिली ती जवळजवळ सगळी एकाच टिपणाची. गिरासे, डोंगरसिंग, मोलगी येथील ओहोळाच्या काठी सापडलेली हत्तीची दाढ.

लोक ते टिपण का उचलतात, हे त्याला पाठ होतं. अशी हाडं तापीच्या गाळात सापडतात, खाली, सपाटीवर. मोलगी वर आहे, डोंगरात, जिथे हत्ती चरावेत असा गाळ नाही आणि नदीही नाही. मग दाढ वर कशी गेली? तर ती गेली नाही, जमीनच वर गेली. कुणी लिहिलं, सातपुडा उशिरा उचलला गेला. त्याला दुसऱ्यानं आधार मानलं, त्याला तिसऱ्यानं. एकानं नकाशात बाण काढले. उखाला त्या दुपारी ते सगळे बाण दिसले, डोंगराच्या बुडाशी लावलेले, खालून वर. डोंगर वर गेला नव्हता. दगड वर गेला होता, आईनं तो ज्या वेचणीच्या बाईला दिला तिच्या कमरेच्या ओच्यात, कापूस वेचून परत जाताना. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पथारीवर एक बाई उभी राहून टाच दुसऱ्या पायावर खाजवत होती, आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

शनिवारी सकाळी तो एस.टी.नं शहाद्याला गेला आणि तिथून कळसाडीला. खात्री करायची होती, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ऊस उभा होता, कापसाची शेवटची वेचणी चालली होती, आणि त्याचा थोरला भाऊ नवल रानात गेला होता. आई, तापीबाई, ओसरीत सरकी निवडत बसली होती. त्यानं फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला, आणि कागदावरून अंगठा फिरवला, खाचेवरून.

"हाऊ ते मन्हा दगड शे."

तिनं विचारलं, फोटो कोणी काढला. त्यानं सांगितलं, कलकत्त्याला, तिथल्या एका बाईनं; उद्या ती आमच्या सभेला येणार आहे.

"मन्हा टाचा घासाना दगड कलकत्ताले गया?" ती म्हणाली आणि इतकी हसली की मांडीवरची सरकी सांडली. "मी नही गऊ कधी धुळाले."

मग त्यानं विचारत विचारत सगळं काढून घेतलं, एखाद्या परक्या बाईकडून काढावं तसं. गुलाबबाई आणि तिचा नवरा चैत्या दरवर्षी मोलगीकडून वेचणीला उतरायचे. त्या साली गुलाबबाई अनवाणी पऱ्हाटीच्या खुंटांवरून चालली होती. आपल्या टाचा फाटलेल्याच, पण तिच्या पाहवत नव्हत्या. रगत निंघे, आई म्हणाली. निघायच्या दिवशी आईनं तिला पाणी तापवून दिलं आणि खिळ्यावरचा दगडही काढून दिला. पुढच्या वेचणीला ती आली ती हिरमुसून. घरामागच्या नाल्यावर पाय धुऊन तिथेच ठेवला होता, कोनी तरी उचली ली गया. तिनं पुष्कळ शोधला. आई तिला म्हणाली, जाऊ दे, दगडच तो. आता त्याच्याकडून तिला कळलं, कोणी नेला.

"गिरासे मास्तरनी? इतला मोठा मानूस, आनि बाईना दगड चोरा?" ती पुन्हा हसू लागली.

चोरला नाही, असं तो म्हणाला, जरा जोरात. सर शाळांच्या कामानं मोलगीला गेले होते, जीप बिघडली, नाल्यावर तोंड धुवायला उतरले, त्यांना तो काठावर दिसला. त्यांनी लिहिलंय तेही खोटं नाही. ओहोळाच्या काठी. तिथेच होता तो. दगड मुळात कुठला, असं त्यानं आईला विचारलं. नदीतला, ती म्हणाली. तुझ्या बापाला माहीत असेल. बाप पाच वर्षांपूर्वी गेला होता. निघताना तिनं फोटो मागितला नाही, फक्त उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सांगजो तेस्ले. मन्ही मायना दगड शे म्हनीसन सांग. हसतीन त्या. हसू दे." तिचे पाय उंबऱ्यावर होते. त्यानं ते पाहिले नाहीत; पाहिले नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते परतीच्या सबंध वाटेत लक्षात राहिलं.

एस.टी.त त्याच्या शेजारी कोरीटचा कुणी शेतकरी केळीचा घड मांडीवर घेऊन बसला होता. उखा खिडकीतून बाहेर पाहत वाक्यं जुळवत होता. स्थानिक स्त्रिया पाय स्वच्छ करण्यासाठी असे पाषाण वापरतात. असं म्हणता येईल. कोण स्त्रिया, असं कुणी विचारणार नाही. विचारलं तर. पादप्रक्षालन, हा शब्द त्याला सुचला आणि त्याची किळस आली. सरांना धक्का बसेल, हे एक कारण होतं, पण ते टिकेना. पत्रिकेत चूक छापली गेली तर सर पुढच्या अंकात स्वतः खुलासा द्यायचे, चौकट करून, आणि वर्गात म्हणायचे की शास्त्र म्हणजे दुसरं काय, चुका सुधारून छापणं. पत्रिकेचं काय होईल, हे दुसरं कारण. शिंपले होते, पानं होती, परागकण होते. पत्रिका मेली नसती. मग उरत होतं ते कारण नव्हतं. ते चित्र होतं. सभेतल्या खुर्च्या, धुळ्याहून आलेले प्राध्यापक, कलकत्त्याची बाई, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक मोरी. मोरीत नऊवारीचा काचा खोवून, पाटावर एक पाय पुढे करून बसलेली आई, आणि दगडाखालून निघणारं काळपट पाणी. आणि तिच्या बाजूला तो, घोटा तिच्या हातात. उखा. तिथे यू. एम. कुणी नव्हता. सर त्याला चारचौघांत उखा म्हणत, प्रेमानं, आणि दरवेळी तो ऐकू न आल्यासारखं क्षणभर थांबून मग ओ देई.

सभा कॉलेजच्या लांब खोलीत झाली. डॉ. लाहिरी ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आणि खोलीत शिरल्यापासून शिंकत होत्या. मागच्या बाकांवरची पोरं खूश झाली. सरांनी त्यांना हिंदीत सांगितलं की नंदुरबार पाहुण्यांना अशीच सलामी देतं, आणि त्या स्वतःही नाकाला पदर लावून हसल्या. उखानं आपला निबंध वाचला. कल कसा वळला ते वाचलं. दाखले वाचले. टाळ्या मोलगीच्या दाढेला मिळाल्या, सर संकोचून खाली पाहत राहिले. मग डॉ. लाहिरींनी फोटो सगळ्यांकडे फिरवले, खाचेविषयी बोलल्या, आणि बोलता बोलता थांबून म्हणाल्या की एक शंका त्यांच्या मनातून जात नाही. खाच त्यांना फारच ताजी वाटते. पृष्ठभागही एका बाजूनं गुळगुळीत झिजलाय, पाण्यानं झिजतो तसा नाही. त्या या भागाला परक्या आहेत. म्हणून विचारतात. मग त्या सरळ त्याच्याकडे वळल्या.

"मिस्टर पाटील, आप तो यहीं के हैं। गाँव में लोग ऐसे पत्थर किसी काम में लाते हैं क्या?"

इतकं सोपं कुणी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या आवाजात आशा होती, हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. त्यांना उत्तर हवं होतं, त्या त्याच्यासाठी दार उघडं धरून उभ्या होत्या. त्याच्या तोंडात अहिराणी शब्द तयार होता, आईचा, आणि त्याचं हिंदी त्याला माहीत नव्हतं. एवढं तर सांगता आलं असतं. पाय उचलून दाखवता आलं असतं. सगळे हसले असते. हसू दे. त्यानं पाहिलं, पुढच्या रांगेतला धुळ्याचा प्राध्यापक बूट हलवत होता, काळा, पॉलिश केलेला.

"नहीं," तो म्हणाला. "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं है।"

हमारे यहाँ, हे त्याला म्हणायची गरज नव्हती. नुसतं नाही पुरलं असतं. डॉ. लाहिरींनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं, आणि नंतर चहा झाला.

चहानंतर सर त्याला व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांचे डोळे अधू झाले होते. बोलताना ते आता माणसाच्या फार जवळ यायचे. "घाबरना व्हता का रे? आवाज बसेल व्हता तुन्हा." त्यानं नाही म्हटलं. मग सर पथारीकडे पाहत राहिले, जिथे त्यांना बहुतेक नुसता लाल रंग दिसत असेल, आणि मराठीत म्हणाले की आज ते फोटो हातात घेतल्यावर त्यांच्या मनात एक विचित्र विचार येऊन गेला. ती खाच डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि त्यांना त्यांच्या आईची टाचा घासायची वजरी आठवली. पितळेची होती ती, कडीची. "मला वाटलं, मेलो आता. दहा वर्षं मी कुणाच्या तरी मोरीतली वजरी छापून बसलोय." ते हसले. "पण तू नाही म्हणालास. तू खेड्यात वाढलेला, तुला ठाऊक असणार. माझा जीव भांड्यात पडला." आणि त्यांनी त्याचा दंड दाबला. अजूनही बोलता येत होतं. व्हरांड्यात दोघंच होते, आणि सर तर अर्धं स्वतःच बोलून बसले होते. त्यात फक्त एक नाव घालायचं होतं. उखानं विचारलं, पाहुण्यांसाठी टांगा सांगू का. सर म्हणाले, सांग.

पुढच्या आठवड्यात तो घरी गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गेला तेव्हा होळी जवळ आली होती, वेचणीची माणसं डोंगराकडे परतत होती, आणि आई मोरीत वाकून काहीतरी घासत होती, कौलाच्या तुकड्यानं. तिनं मान वर करून पहिलं हेच विचारलं.

"हसनात का रे त्या?"

"हा," तो म्हणाला. "हसनात."

"आनि ती बंगालनी बाई?"

"ती बी."

आईनं समाधानानं मान हलवली आणि पाण्याचा तांब्या ओतला. नवल आल्यावर तिनं त्यालाही सांगितलं, मग शेजारच्या शांतीबाईला हाक मारून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सभेत थोडी जास्त माणसं हसली. संध्याकाळी ती म्हणाली, गुलाब पुढल्या साली आली की तिलाही सांगू, तिचा दगड कुठवर गेला ते. उखा ओट्यावर बसून बूट घालत होता. मोजा टाचेवरून वर चढेना. भेगेत अडकला होता.

डॉ. लाहिरींचा निबंध पावसाळ्यात छापून आला. त्यानं तो सवयीनं शेवटाकडून वाचला. आदिमानवाचं पान आता निःशंक होतं, कारण खाली एक तळटीप वाढली होती. या प्रदेशात अशा वस्तूंचा कोणताही घरगुती उपयोग केला जात नाही (यू. एम. पाटील, व्यक्तिगत माहिती). छापलेलं आपलं नाव तो प्रथमच दुसऱ्याच्या लेखात पाहत होता. खोलीत मिरची नव्हती, मैदान नुसतं चिखलाचं होतं. त्यानं कोरं कार्ड घेतलं. वरच्या ओळीत लाहिरी लिहिलं. खालच्या ओळीवर पेन टेकवून तो बराच वेळ बसला, शाईचा ठिपका मोठा होत गेला, आणि मग त्यानं आपलं नाव लिहिलं, नीट, वळणदार, आणि कार्ड बाकीच्या कार्डांमध्ये त्याच्या जागी घातलं.

१९५०च्या उन्हाळ्यात मगन पाटील तापीतून वाळू भरत असताना, सात वर्षांच्या उखानं तो दगड उकरून काढला होता. बापानं तो परत नदीत फेकला, पण उखा फार रडला म्हणून पाण्यात उतरून शोधून आणला आणि गाडीत घातला.